हातमागाचं कापड: लेबलावर काय, धाग्यात काय

शिवायला कपडे टाकणाऱ्या बायका मला हमखास विचारतात, "सोलापूरचं म्हणजे हातमागाचंच ना हो ताई?" नाही. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही आज मुख्यतः यंत्रमागाची गावं आहेत. सोलापुरात हातमागाची जुनी परंपरा आहे, पण बाजारात दिसणारी चादर आणि टॉवेल बहुतेक विजेवरच्या मागावरचे असतात. यंत्रमागावरच्या कामगाराचे कष्ट कमी नाहीत. मात्र हातमागाचे पैसे मोजून यंत्रमागाचा माल घरी आला, की नुकसान आपल्याइतकंच हातमागाच्या विणकराचंही होतं.

धाग्यात गाठी दिसल्या की कापड हातचं, हाही असाच पक्का समज. मीही तसंच धरून चालत होते. एका प्रदर्शनात जाडंभरडं, गाठीगाठींचं कापड बघून बारा मीटर घेतलं. घरी आल्यावर काठाचे दोन धागे ओढून काढले, एक उभा आणि एक आडवा, आणि वेगवेगळे पेटवले. ताण्याचा धागा कागदासारखा जळला, मऊ राख झाली. बाण्याचा धागा वितळून काळा, कडक मणी झाला. सुताच्या नावाखाली पॉलिएस्टर. जाड-बारीक सूत गिरणीत मुद्दाम काढतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हापासून दोन्ही धागे तपासल्याशिवाय मी तागा घेत नाही.

अर्थात, जाळून तंतू कळतो, माग कळत नाही. त्यासाठी काठ पाहावा. विणताना पन्हा आकसू नये म्हणून विणकर कापडावर आडवी पट्टी ताणून लावतो. तिच्या टोकांना टोचे असतात. थोडं विणलं की ती काढायची आणि पुढे सरकवायची. त्यामुळे हातमागाच्या काठावर बारीक भोकं टप्प्याटप्प्यानं दिसतात. यंत्रमागावरही भोकं पडतात, पण बहुधा सलग. एकट्या खुणेवर विसंबू नये, विणकराचं गाव आणि माग विचारावा.

खादी आणि हातमाग एकच, असंही पुष्कळांना वाटतं. खादी आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार खादीचं सूतही हातानं कातलेलं असावं लागतं आणि विणाईही हातमागावरची. हातमागाच्या कापडात विणाई हाताची, सूत मात्र बहुधा गिरणीचं. त्यात फसवणूक काही नाही. अस्सल पैठणी हातमागाचीच असते, म्हणून ती खादी होत नाही.

सगळ्यात गुंतागुंतीचा शब्द आहे 'स्थानिक'. माग आपल्या जिल्ह्यातला असला, तरी यवतमाळचा कापूस तमिळनाडूच्या सूतगिरणीत जाऊन सूत होऊन परत आलेला असू शकतो, कारण देशातल्या सर्वाधिक सूतगिरण्या तिथे आहेत. खादीचं पाहिलं तर अनेक केंद्रांना कातायला लागणारे कापसाचे पेळूही चित्रदुर्ग किंवा सीहोरसारख्या ठिकाणच्या खादी आयोगाच्या प्रकल्पांत तयार होतात. म्हणून 'कापड कुठलं?' एवढंच विचारून भागत नाही. कापूस कुठला, सूत कुठलं, रंगाई कुठे झाली, विणलं कुणी, असे चार प्रश्न लागतात. चारही उत्तरं जवळची असलेलं कापड मिळतं, पण शोधावं लागतं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते झालं, नैसर्गिक रंगांची खादी मिळते. धनगरांचं घोंगडं हे तर अगदी घरचं उदाहरण: दख्खनी मेंढीची लोकर, कातणं-विणणं जवळपासच, आणि काळा रंगही बहुधा लोकरीचाच.

हातमाग विजेशिवाय चालतो, हे खरं. तेवढ्यानं कापड पर्यावरणाला निर्धोक होत नाही. रंगाईचं पाणी कुठे सोडलं, हे मागावर दिसत नाही. २००६ पासून मिळणारा 'हॅण्डलूम मार्क' कापड हातमागाचं असल्याची खूण आहे, रंगाविषयी तो बोलत नाही. २०१५ मधल्या 'इंडिया हॅण्डलूम' या ब्रँडमध्ये दर्जा आणि पर्यावरण दोन्ही धरलेले आहेत. नैसर्गिक रंगालाही पाणी लागतंच, तरी हरडा, मंजिष्ठा, नीळ वापरणारा रंगारी सापडला तर त्याला धरून राहावं.

महाग? साधं कापड असलं तरी चार-पाच मीटर विणण्यात विणकराचा दिवस जातो. कांड्या भरणं, ताणा लावणं, खळ देणं यात घरातल्या बायकांचा वेळ वेगळाच, आणि तो बहुतेकदा किमतीत धरलेला नसतो. म्हणून घासाघीस मी सोडली आहे.

'आटतं, रंग जातो' ही तक्रार थोडी खरी आहे. कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, आटायचं ते तिथेच आटेल. पन्हा आधी मोजा. काही ताग्यांचा तो जेमतेम छत्तीस इंच असतो आणि घेरदार कुर्त्याला अर्धा मीटर जास्त लागू शकतो. हवं तेवढं कापड एकाच ताग्यातून घ्या, कारण पुढच्या ताग्याचा निळा नेमका तोच असेल याची खात्री रंगारीही देत नाही.