डब्यातून निसटलेला साप

पुण्याच्या दक्षिणेला कात्रज आहे. तेथे १९८६ साली सर्पोद्यान निघाले. ते नीलिमकुमार खैरे यांनी उभे केले. याच खैरे यांनी १९८० साली पुण्यात काचेच्या खोलीत ७२ सापांबरोबर ७२ तास काढले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते.

हे ऐकून कुणाला वाटते, आपणही साप पाळू! असे हौशी लोक निघतात. घरात निघालेला साप धरतात आणि बरणीत, डब्यात नाही तर पिशवीत घालून खाटेखाली ठेवतात. वर दूधही ठेवतात. साप दुधावर जगत नाही, ते त्याचे अन्नच नव्हे. सकाळी पाहावे, तर डबा रिकामा!

आता तो गेला कुठे?

सापाचे डोके जिथून निघते, तिथून बहुधा सगळे अंग निघते. झाकण जरासे ढिले असले की झाले. सापाचे अंग आपल्यासारखे आतून गरम राहत नाही. म्हणून थंडीत तो ऊब शोधतो, उन्हाळ्यात गारवा. अंधार आणि अडचण मात्र त्याला बारा महिने हवी. अंग सगळीकडून टेकले की त्याला बरे वाटते. त्यामुळे खोलीच्या मधोमध तो बसत नाही. भिंतीच्या कडेकडेने सरकतो आणि फट मिळाली की आत शिरतो. मग कधी तो फ्रिजच्या मागे गरम मोटारीशी सापडतो, कधी चुलीजवळच्या सरपणात, गुंडाळलेल्या चटईत, मोरीच्या नळात, देव्हाऱ्यामागे, नाही तर बुटात. शहरात स्कूटरमध्येसुद्धा साप निघतात. धामण तर चांगली चढते. तिच्यासाठी माळाही पाहावा लागतो.

ऐकताना हसू येते खरे. पण डब्यात होता कोण? कवड्या बिनविषारी, मण्यार अति विषारी. दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात, मण्यारीचे शेपटीकडे. घाईत, कंदिलाच्या उजेडात हे कोण पाहणार? चांगली जाणती माणसेही इथे फसतात.

मण्यार रात्री फिरते. खाली झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचे दात इतके बारीक, की पुष्कळदा दंश कळतही नाही. डास चावला असे वाटते. पुढे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, मग श्वास अडतो. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जखम चिरू नका, दोरी आवळू नका. माणसाला चालू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्या. सर्पदंशाची लस तिथे मिळते.

आपल्याकडचे साप घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पण साप निसटला असेल, तर भीतीने गप्प बसू नका. आधी मुलांना बाहेर काढा. त्या खोलीचे दार लावा, खालच्या फटीत गोधडी कोंबा. अडगळीत हात घालू नका. वनखात्याला १९२६ वर फोन करा. जाणता सर्पमित्र येईपर्यंत एकाने दूर उभे राहून दारावर नजर ठेवावी. आणि बाहेर पडताना पायात बूट घालायचे झाले, तर काठीने उलटे करून झाडून घ्या.