हुंडी : मराठीतली आणि कानडीतली

वाणिज्य शाखेच्या मराठी पुस्तकात हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या पेढीवर लिहिलेली, पैसे देण्याची चिठ्ठी. कानडीत आणि तेलुगूत हुंडी म्हणजे देवळातली दानपेटी. गोदाकाठच्या बासरला (पूर्वी आदिलाबाद, २०१६ पासून निर्मल जिल्हा) सरस्वतीच्या दर्शनाला नांदेडकडचे मराठी लोक पुष्कळ जातात. त्यांना या दोन्ही हुंड्या ठाऊक असतात. क्रिप्टो-चलनातील गुप्तता आणि पारदर्शकता यांचा वाद मला या दोन हुंड्यांवरूनच नीट उमगला.

दानपेटीत नोट कोणी टाकली हे कोणालाच कळत नाही. मात्र मोजदाद चारचौघांसमक्ष होते आणि आकडा जाहीर होतो. देणारा गुप्त, रक्कम उघड. व्यापारी हुंडीचे उलट. तिच्यावर नावे असतात, पण ती बाजारभर फिरवीत नाहीत. शहाजोग हुंडीचे पैसे तर पत असलेल्या 'शहा'लाच मिळत, आणि हुंडी खोटी निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर असे.

जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनची एकच जाहीर वही आहे. खरे तर ती रोजकीर्द, कारण व्यवहार क्रमाने चढतात. सुमारे दर दहा मिनिटांनी नवे पान जोडले जाते, हजारो संगणकांवर तिच्या प्रती आहेत आणि ती कोणीही वाचावी. नावाच्या जागी फक्त अक्षरे-अंकांची लांबलचक माळ, म्हणजे 'पत्ता'. एवढ्यावरून लोक याला गुप्त चलन म्हणतात! समजा, मी एका दुकानदाराला या चलनात पैसे दिले. माझा पत्ता त्याला कळला की त्या पत्त्यावरची मागची-पुढची सारी देवघेव, दवाखान्याची असो की देणगीची, त्याच्यापुढे उघडी. दर वेळी नवा पत्ता घेता येतो. परंतु दोन पत्त्यांतली शिल्लक एकत्र खर्च केली की दोन्ही एकाचेच, असा तर्क बांधता येतो. आणि या वहीत खाडाखोड नाही.

उघडी वही मात्र फसलेल्यांच्या कामी येते. गेनबिटकॉइन योजनेत दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते; पुण्यात २०१८ मध्ये गुन्हे नोंदले गेले. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी तपासात मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. आरोपींच्या खात्यांतील चलन त्यांनी स्वतःकडे वळवले आणि शिल्लक कमी दाखवणारी चित्रे सादर केली, असा आरोप आहे. चित्र बदलता येते, वही बदलता येत नाही.

७ मार्च २०२३ पासून भारतात अशा चलनाची खरेदी-विक्री करून देणाऱ्या संस्थांना काळा पैसा रोखणारा कायदा लागू झाला. ग्राहकाची ओळख पटवायची, नोंदी ठेवायच्या, संशयास्पद व्यवहार कळवायचे. हा आपला जुना 'शहा'च की!

२०१६ मध्ये आलेल्या झेडकॅशची युक्ती मला अधिक आवडते. तिथे नावे आणि रक्कम झाकता येतात, तरी हिशेब खरा असल्याचे गणिताने सिद्ध होते. शिवाय मालक हिशेबतपासनिसाला केवळ पाहण्याची किल्ली देऊ शकतो. अर्थात किल्ली देणे न देणे मालकाच्या मर्जीवर. ठेवीदारांना बुडवणारा ती आपण होऊन देईल, असे मला वाटत नाही.