हौशी मोटार शर्यतीतील अपघात व त्यानंतरचे दायित्व : आगरदांडा-मुरूड परिसराच्या संदर्भात

८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईजवळील धावमार्गावर राष्ट्रीय मोटार शर्यत स्पर्धेत के. ई. कुमार या ५९ वर्षांच्या ज्येष्ठ स्पर्धकाची मोटार दुसऱ्या मोटारीस धडकून मार्गाबाहेर गेली व उलटली. लाल निशाण दाखवून शर्यत तत्काळ थांबविण्यात आली. काही मिनिटांत त्यांना बाहेर काढून मार्गावरील वैद्यकीय केंद्रात व तेथून रुग्णालयात नेण्यात आले. त्यांचे प्राण मात्र वाचले नाहीत. त्या दिवसाच्या उर्वरित शर्यती रद्द झाल्या. एवढी सिद्धता असूनही मृत्यू टळला नाही, हे खरे. परंतु अपघातानंतर कोणी काय करावयाचे, हा प्रश्न तेथे कोणास पडला नाही. त्याचे उत्तर शर्यतीपूर्वीच ठरलेले होते.

हेच उत्तर जेथे आधी ठरलेले नसते, अशा ठिकाणच्या अपघाताचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आगरदांडा हे राजपुरी खाडीच्या मुखाजवळचे गाव. समोर दिघी, मध्ये तर. बंदराच्या निमित्ताने इकडे येणारा रस्ता रुंद झाला, आणि उत्तरेस मुरूड व काशीद येथे ओहोटीच्या वेळी विस्तीर्ण, कठीण पुळण उघडी पडते. मोकळा रस्ता आणि सपाट पुळण ही तरुण चालकास वेग आजमावण्याचे निमंत्रणच वाटतात. दोन मित्र, दोन मोटारी आणि एक पैज, एवढ्यावर ‘शर्यत’ उभी राहते. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बैलगाडी शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी दिली, व त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बैलांच्या शर्यतीस अर्ज करणारा गावकरी आणि मोटारीच्या शर्यतीस कोणासही न विचारणारा पदवीधर, हे चित्र विचार करावयास लावणारे आहे.

कायद्याची बाजू

पुळण म्हणजे रस्ता नव्हे, तेव्हा तेथे मोटार वाहन कायदा लागू नाही, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३४) नुसार जनतेस जेथे प्रवेशाचा हक्क आहे, असे कोणतेही स्थान, मग ते रहदारीचे असो वा नसो, ‘सार्वजनिक स्थळ’ ठरते. राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून अशा ठिकाणी शर्यत लावणे वा वेगाची चाचणी घेणे हा कलम १८९ खाली अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, व पुढील अपराधास १ वर्षापर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

खरा आघात दंडाचा नसून विम्याचा असतो. सर्वसाधारण वाहन विम्यात संघटित शर्यत व वेगचाचणी हे वापर वगळलेले असतात. त्यामुळे स्वतःच्या मोटारीची भरपाई बहुधा मिळत नाही. इतकेच नव्हे, तर जखमी त्रयस्थाच्या दाव्यातही याच अटीचा बचाव घेण्याची मुभा कलम १५० ने विमा कंपनीस दिली आहे. दोघा मित्रांची पैज ‘संघटित’ कशी, असा युक्तिवाद करता येईल. ‘वेगचाचणी’ हा शब्द मात्र तेथेच उभा राहतो. चालकाच्या परवान्यासंबंधीच्या अटींचा भंग झाला असता न्यायालये कंपनीस आधी भरपाई देण्यास व नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करण्यास सांगतात. तोच मार्ग येथे अवलंबिला गेला, तरी अखेरचा भार मालकावरच येतो, आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत मालक म्हणजे पुष्कळदा वडील. कनिष्ठ महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी आणखी एक तरतूद जाणून घ्यावी : चालक अल्पवयीन असल्यास कलम १९९अ नुसार पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जातो, ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पहिला तास आणि भरतीची वेळ

कलम १३४ नुसार जखमीस वैद्यकीय साहाय्य मिळवून देणे, हे चालकाचे पहिले कर्तव्य आहे. पोलीस जवळ नसल्यास जास्तीत जास्त २४ तासांच्या आत ठाण्यात खबर द्यावयाची असते. जमावाच्या प्रक्षोभामुळे साहाय्य देणे अशक्य झाल्यास चालकास सूट आहे. भीतीने पळून जाणाऱ्यास नाही. मुरूडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय वळणावळणांच्या रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. म्हणून १०८ क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, प्रज्वलन बंद करावे, आणि आगीचा वा पाण्याचा धोका नसेल तर जखमीची मान न हलविता त्यास आहे तेथेच ठेवावे. जो उठून चालू लागतो व ‘मला काही झाले नाही’ म्हणतो, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे. डोक्यातील वा पोटातील रक्तस्राव काही तासांनीही प्रकट होतो.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते, जिचा उल्लेख सहसा होत नाही. रस्त्यावरील चाकांचे ओरखडे दिवसभर टिकतात. पुळणीवरील खुणा ओहोटीनंतर सुमारे सहा तासांत समुद्र पुसून टाकतो. पंचनामा होईपर्यंत पुरावा उरेलच, असे नाही. जखमींची व्यवस्था लागताच सुरूचे झाड, बंधारा अशा स्थिर खुणा चौकटीत घेऊन छायाचित्रे काढावीत व वेळ नोंदवावी. भरती जवळ आल्यास ट्रॅक्टरने मोटार वर ओढणे अपरिहार्य असते. पण ते पोलिसांना कळवून आणि मूळ जागा खुणेने दाखवूनच करावे. त्यानंतर मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी होईपर्यंत दुरुस्तीस हात लावू नये. खाऱ्या पाण्याने विजेच्या जोडण्या व गतिरोधक खराब होण्यास प्रारंभ झाला असला, तरीही.