मूल सतत चवड्यावर चालतंय? टोकण्याआधी हे वाचा



परिपाठाला मुलं रांगेत येताना कधी त्यांच्या पायांकडे बघितलंय? एखादं मूल टाच न टेकवता, उड्या मारल्यासारखं चवड्यावर चालत येतं. बाकीची मुलं हसतात आणि आपण सवयीने म्हणतो, "अरे, टाच टेकव ना!" माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी जवळजवळ वर्षभर असंच टोकत होतो. मी ओरडलो की तो पाय बाहेर फाकवून कशीबशी दोन-चार पावलं टाकायचा आणि परत चवड्यावर. नंतर कळलं की त्याच्या पोटऱ्या आणि टाचेमागची शीर इतकी आखडली होती की पाय सरळ ठेवून त्याची टाच टेकणं शक्यच नव्हतं. जे त्याला जमत नव्हतं, त्यासाठी मी त्याला रोज बोलत होतो.

आधी हे सांगतो की चालायला शिकणाऱ्या बाळाने चवड्यावर चालणं यात घाबरण्यासारखं काही नाही. भिंतीला, पलंगाला धरून चालणारी बरीच बाळं असं करतात. साधारण दोन-तीन वर्षांपर्यंत 'आधी टाच, मग चवडा' ही चाल आपोआप बसते. तिसऱ्या वर्षानंतरही मूल बराच वेळ चवड्यावरच चालत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं.

तपासणीत बहुतेक वेळा दुसरा कुठला आजार सापडत नाही. मूल निरोगी असतं, पळतं, खेळतं, फक्त सवयीने चवड्यावर चालतं. काही घरांत वडील किंवा काकाही लहानपणी असेच चालायचे असं आजी सांगते, आणि त्यात तथ्य असतं, कारण ही सवय काही कुटुंबांत आढळते. स्वीडनमध्ये साडेपाच वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे 5 टक्के मुलं कधी ना कधी अशी चालत होती आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांची सवय तोवर गेलेली होती. दहा वर्षांपर्यंत बहुतेकांची गेली. मग काळजी कशाची? एक म्हणजे शीर आखडण्याची, आणि दुसरी म्हणजे त्या थोड्या मुलांची, ज्यांच्यात या चालीमागे आजार असतो.

शीर आखडलीय का, याचा अंदाज घरीच येतो. मुलाला अनवाणी, टाचा टेकवून उकिडवं बसायला सांगा, म्हणजे आपल्या भारतीय शौचालयात बसतो तसं. टाचा वर उचलल्या जात असतील किंवा मूल मागे पडत असेल, तर पोटऱ्या ताठ झाल्या असण्याची शक्यता आहे. नुसत्या टाचांवर चार पावलं चालता येतात का, तेही बघा. अर्थात हा फक्त अंदाज, निदान डॉक्टरच करतील.

आता महत्त्वाचं. मूल आधी नीट चालत होतं आणि नंतर चवड्यावर चालायला लागलं, तर वाट बघू नका. एकाच पायाची टाच उचललेली असेल, तरीही नाही. जन्माच्या वेळी बाळ लवकर रडलं नव्हतं किंवा महिने भरायच्या आत जन्मलं होतं आणि आता पाय कडक वाटतात, तर सेरेब्रल पाल्सीचा सौम्य प्रकार असू शकतो. चालण्याबरोबर बोलणं उशिरा, नजर न देणं, हाक मारल्यावर न बघणं असेल, तर स्वमग्नतेची तपासणी करावी. पण नुसत्या चवड्यावर चालण्यावरून कुणा मुलाला स्वमग्न ठरवू नका, हे कळकळीने सांगतो.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिक्षकाच्या नजरेतून सुटता कामा नये. जमिनीवरून उठताना मूल आधी ओणवं होतं, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर ठेवत स्वतःच्या अंगावर चढल्यासारखं उभं राहतं का? जिना चढताना लवकर दमतं का, वारंवार पडतं का? पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या दिसतात. ही डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराची लक्षणं असू शकतात. सीपीके नावाची साधी रक्ततपासणी पहिला इशारा देते. हा आजार पूर्ण बरा होत नाही, पण वेळेवर कळला तर औषधांनी चालणं जास्त दिवस टिकवता येतं, आणि आईला पुढच्या बाळंतपणाआधी जनुकीय सल्ला घेता येतो. आजार न ओळखता टाचेच्या शिरेचं ऑपरेशन केलं, तर चालणारं मूल लवकर अंथरुणाला खिळू शकतं. म्हणून आधी निदान, मग उपाय.

आजार नसेल तर उपचाराची सुरुवात साध्या गोष्टींनी होते. फिजिओथेरपिस्ट पोटरी ताणण्याचे व्यायाम शिकवतात. गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूच वर वाकवायचं, रोज. टाचांवर चालणं, चढावर चालणं हे खेळासारखं करून घेता येतं. शीर ताठ झाली असेल तर काही आठवडे प्लास्टर घालतात, ते ठराविक दिवसांनी बदलत पाऊल थोडं थोडं वर आणतात. काहींना रात्री किंवा दिवसा घालायचा स्प्लिंट देतात. बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल पालक हमखास विचारतात. पण सवयीने चवड्यावर चालणाऱ्या मुलांत प्लास्टरला हे इंजेक्शन जोडून जास्त फायदा झाला नाही, असं अभ्यासात दिसलंय. ऑपरेशन शेवटी, आणि तेही मुख्यतः मोठ्या मुलात शीर पक्की आखडलेली असेल तरच.

बसायचा चाकांचा वॉकर तर आणूच नका. त्यात बाळ पायाची बोटं टेकवून ढकलत राहतं, शिवाय अपघात होतात. कॅनडाने 2004 साली त्यावर बंदीच घातली. ढकलत चालायचा आपला लाकडी पांगुळगाडा निराळा, त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं, त्यांच्याकडे मुलाचं नाव आवर्जून द्या. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते.

पालकांना एक सांगून ठेवा. डॉक्टरांसमोर ही मुलं बऱ्याचदा शहाण्यासारखी टाच टेकवून चालतात! म्हणून घरी मूल खेळण्यात गुंग असताना, अनवाणी, बाजूने आणि मागून, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून सोबत न्यावा.