रील संपत का नाही?

इशाची नमाज झाली, जेवणं आटोपली, दस्तरखान उचललं. "फक्त पाच मिनिटं" म्हणून फोन हातात घेतला आणि बघता बघता साडेअकरा वाजले. मग फजरला डोळे उघडत नाहीत, मुलं शाळेत पेंगतात. मुलांना आपण रागावतो, पण आपलं तरी वेगळं काय होतं?

हा फक्त आळसाचा किंवा सवयीचा प्रश्न नाही. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. जुन्या टीव्ही मालिकेचा भाग अर्ध्या तासात संपायचा, पुढच्यासाठी थांबावंच लागायचं. फोनमधून ही थांबायची जागाच काढून टाकली आहे. २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

दुसरी गोष्ट, पुढची रील कशी निघेल हे आधी कळत नाही. चार कंटाळवाण्या जातात, पाचवी मस्त निघते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांना कबुतरांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारणं लवकर सोडत नाही.

यात कंपन्यांचा फायदा सरळ आहे. रील बघायला पैसे लागत नाहीत, कमाई जाहिरातींतून होते. आपण जितका वेळ थांबू, तितक्या जाहिराती. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये म्हणाले होते की आपली स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. रिकामी झालेली जागा भरायला तीन महिनेही लागले नाहीत.

म्हणून थांबायची जागा आता घरातच तयार करावी लागेल. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. गरज नसलेल्या अॅपचे नोटिफिकेशन बंद करा. रात्री सगळे फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा, फजरच्या अलार्मसाठी साधं घड्याळ घ्या. आणि दस्तरखानवर कोणाचाच फोन नको, अब्बांचाही नको. मुलं आपलं ऐकण्यापेक्षा आपल्याकडे बघून जास्त शिकतात.