टच बंद पडला आणि उपाय हातातच होता!

मागच्या वर्षी माझा फोन पडला. डिस्प्ले चालू, पण टच पूर्ण बंद. आत आजीचे शेवटचे व्हिडिओ होते आणि बॅकअप घेतलेला नव्हता. पॅटर्नच काढता येईना, मग लॅपटॉपला केबल जोडून तरी काय उपयोग? रिपेअरवाला म्हणाला, "डेटाची गॅरंटी नाही."

दोन दिवस मी गुगलवर उपाय शोधत होतो. आणि शोधताना माझा हात ज्या माउसवर होता, तोच उपाय निघाला! ओटीजी अडॅप्टर लावून माउस फोनला जोडला. स्क्रीनवर बाण आला, त्यानेच पॅटर्न काढला आणि व्हिडिओ ड्राइव्हवर अपलोड केले.

इंजिनिअर असून हे आधी का सुचलं नाही? कारण माझ्या डोक्यात माउस म्हणजे लॅपटॉपचीच वस्तू. याला मानसशास्त्रात 'फंक्शनल फिक्सेडनेस' म्हणतात. म्हणजे वस्तूचा नेहमीचा वापर डोक्यात इतका पक्का बसतो की दुसरा दिसतच नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डंकर यांचा यावरचा प्रयोग प्रसिद्ध आहे. दारावर छोट्या मेणबत्त्या उभ्या करायच्या. टेबलावर बोर्ड पिना, काड्या आणि छोटी खोकी. उत्तर सोपं आहे: खोकी पिनांनी दारावर ठोका, त्यावर मेणबत्त्या ठेवा. खोकी रिकामी दिली तेव्हा लोकांना हे जमलं. पण त्यातच सामान भरून दिलं तेव्हा बरेच जण अडकले. खोकं म्हणजे 'सामान ठेवायची जागा', एवढंच त्यांना दिसलं!

यावर टोनी मॅकॅफ्री या संशोधकाने 2012 मध्ये एक सोपी पद्धत मांडली. वस्तूचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाचं वर्णन त्याचा वापर न सांगता करा. म्हणजे माउस हा शब्द विसरा. 'यूएसबी पिन, वायर, बटणं, खाली प्रकाश टिपणारा सेन्सर' असं म्हणा. यात लॅपटॉप कुठेच येत नाही.

आता तुम्ही करून बघा. टीव्हीचा रिमोट चालत नाहीये? फोनचा कॅमेरा म्हणजे फक्त फोटो नाही, तोही प्रकाश टिपणारा सेन्सरच. रिमोटचं पुढचं टोक सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बहुतेक फोनच्या स्क्रीनवर लुकलुकताना दिसतो. दिसला, तर रिमोट सिग्नल पाठवतोय. नाहीच दिसला, तर आधी सेल बदलून बघा.

आणि हो, बॅकअप मात्र आजच घ्या!