फ्लॅटची किंमत जास्त आहे का? व्यवहारापूर्वी असे तपासा

प्रधानमंत्री आवास योजना – शहरी 2.0 मधील व्याज अनुदान घटकाखाली 35 लाख रुपयांपर्यंतच्या घरासाठी पात्र कुटुंबास जास्तीत जास्त 1.80 लाख रुपये अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. फ्लॅट दोन लाखांनी महाग पडला, तर हे सगळे अनुदान विक्रेत्याकडेच गेले असे समजा.

त्यामुळे आधी दर चटई क्षेत्रावर काढा. समजा, 600 चौरस फुटांचा फ्लॅट 30 लाखांना, म्हणजे 5,000 रुपये दराने सांगितला. हे 600 सुपर बिल्ट-अप असून चटई क्षेत्र 420 निघाले, तर खरा दर सुमारे 7,143 रुपये होतो. नोंदणीकृत प्रकल्पाचे चटई क्षेत्र राज्याच्या रेरा संकेतस्थळावर पाहता येते. आसपासच्या फ्लॅटचे दरही याच पद्धतीने काढा.

मग सरकारी दर पाहा: महाराष्ट्रात रेडी रेकनर, गुजरातमध्ये जंत्री, दिल्लीत सर्कल रेट. हा मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे, बाजारभाव नव्हे. विक्रेत्याची किंमत त्याहून जास्त असू शकते. फरक मोठा असेल तर कारण विचारा. त्याच इमारतीत अलीकडे नोंदलेल्या विक्रीची किंमत कळली, तर ती अधिक उपयोगी.

कर्ज देताना बँक स्वतःचे मूल्यांकन करून घेते. तो आकडा बँकेकडून जरूर विचारून घ्या. तो मागितलेल्या किमतीपेक्षा कमी असेल, तर घासाघीस करायला तोच सर्वांत भक्कम आधार. रेरा लागू असलेल्या प्रकल्पात विक्री करार नोंदवण्यापूर्वी बिल्डरला 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.